रयतेचे मुखत्यार : गणेश वासुदेव जोशी

म्हैसूर शहरातील रंगाचार्लू स्मारक सभागृहावरून जाताना मराठी अभ्यासकाला पुण्याची आठवण व्हावी, असे वरवर पाहता काही नाही. ज्यांच्या नावाने ते सभागृह उभे आहे ते सी. व्ही. रंगाचार्लू १८८१ साली म्हैसूरचे दिवाण झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या समारंभास जोडून, त्यांनी संस्थानाच्या तालुक्यातालुक्यांतून जमीनदार व व्यापारी बोलावून १४४ जणांची प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. कारभाराचा वृत्तान्त प्रजेपुढे मांडावा आणि प्रजेने आपली गाऱ्हाणी दिवाणांच्या कानी घालावी, एवढेच तिचे आरंभीचे स्वरूप होते. ठराव करण्याचा अधिकार तिला नव्हता. प्रतिनिधीही निवडलेले नसून स्थानिक मंडळ्यांकरवी पाठविलेले होते. तरीही हिंदुस्थानातील संस्थानी राज्यांत अशी सभा पहिलीच, असा तिचा गौरव केला जातो आणि तो योग्यच आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मनात मात्र ह्या सभेचा इतिहास वाचताना वारंवार दुसरीच एक सभा येत राहिली. ती साडेअकरा वर्षे आधी पुण्यात भरली होती. तिला बोलावणारा कोणी दिवाण नव्हता आणि तिचे सभासद हातात एक कागद घेऊन आले होते. तो कागद म्हणजे मुखत्यारनामा. ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली ते गणेश वासुदेव जोशी महाराष्ट्रात ‘सार्वजनिक काका’ ह्या नावाने ओळखले जातात. पण त्या नावाच्या आपुलकीत त्यांच्या कामाचा मर्मभाग बराचसा झाकला गेला आहे.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. सातारचे छत्रपतींचे राज्य तेव्हा इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होते; काका विशीत असताना, १८४८ साली, ते खालसा झाले. त्यांचे शिक्षण बेताचेच होते. पुण्यास येऊन त्यांनी सरकारी नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन पुण्याच्या न्यायालयात वकिली सुरू केली. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, इंग्रजी ग्रंथांचा व्यासंगही नव्हता. त्या काळच्या मराठी पुढाऱ्यांच्या मालिकेत ह्यामुळे ते काहीसे वेगळे दिसतात. रानडे, भांडारकर, तेलंग ही नव्या विद्यापीठाची मुले. काका कचेरीच्या ओसरीवर वाढलेले. दस्तऐवज कसा लिहावा, साक्ष कोणाची घ्यावी, कोणत्या कागदाला कोठे किंमत आहे आणि कोठे नाही, हे त्यांचे खरे शिक्षण. त्यांच्या सार्वजनिक कार्याची घडण ह्याच शिक्षणातून झाली, असे माझे मत आहे.

सभेच्या स्थापनेस निमित्त झाले ते पर्वतीच्या देवस्थानाचे. पेशव्यांनी स्थापिलेल्या ह्या देवस्थानाच्या व्यवस्थेविषयी पुण्यात असंतोष होता आणि तक्रार करावयाची तर लोकांच्या वतीने ती कोणी करावी, असा प्रश्न उभा राहिला. चार प्रतिष्ठित गृहस्थांनी सह्या करून अर्ज पाठविण्याची रीत होतीच. १८६७ साली पुण्यात अशा स्वरूपाची एक मंडळीही निघाली होती. परंतु ही चार माणसे लोकांच्या वतीने बोलतात कशावरून, ही सरकारची नेहमीची शंका असे आणि तिला उत्तर नव्हते. काकांनी जे उत्तर शोधले ते वकिलाला सुचावे असेच होते. न्यायालयात पक्षकाराच्या वतीने उभे राहावयाचे तर त्याचा मुखत्यारनामा दाखवावा लागतो. मग सरकारपुढे लोकांच्या वतीने उभे राहणाऱ्यानेही तो का दाखवू नये? २ एप्रिल १८७० रोजी पुण्याची सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा, किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा जो आणील तोच सभासद, असा नियम करण्यात आला. सुमारे ६००० लोकांच्या वतीने ९५ प्रतिनिधी अशा रीतीने निवडले गेले. अध्यक्षस्थान औंधचे संस्थानिक श्रीमंत पंतप्रतिनिधी ह्यांस देण्यात आले. प्रत्यक्ष काम काकांकडे राहिले.

येथे कालक्रमाकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. सार्वजनिक सभेचा विचार रानड्यांचा आणि धावपळ काकांची, अशी वाटणी आपल्याकडे सर्रास केली जाते. रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले ते १८७१ साली. सभेच्या पुढील निवेदनांना जी व्याप्ती व अर्थशास्त्रीय शिस्त आली ती निःसंशय त्यांची होय. पण मुखत्यारनाम्याचा नियम त्याच्या आधीचा आहे. सभेचे मूळ तत्त्व, म्हणजे बोलणाऱ्याने आपला अधिकार आधी सिद्ध करावा हे तत्त्व, इंग्रजी राज्यशास्त्राच्या वाचनातून नव्हे तर पुण्याच्या कचेरीतील नित्याच्या व्यवहारातून आले, ही गोष्ट साहित्य आणि विचार ह्यांच्या इतिहासकाराने विसरू नये. आपण कल्पनांची वंशावळ ग्रंथांतच शोधतो. एखादी कल्पना दोन आण्यांच्या मुद्रांकावरूनही चालत येते.

भाषेच्या अंगानेही हा प्रसंग महत्त्वाचा आहे. ‘हक्क’ हा शब्द मराठीत जुनाच. पण पेशवाईतील आणि तिच्या आधीच्या कागदपत्रांत तो मुख्यत्वे वतनदाराच्या संबंधात येतो. पाटलाचा हक्क, कुळकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क, म्हणजे गावाच्या उत्पन्नातून ज्याला त्याला परंपरेने मिळावयाचा वाटा. साध्या कुणब्याच्या वाट्याला जो शब्द येई तो गाऱ्हाणे, फार तर दाद. तो हुजुरास अर्ज करी; हुजूर कृपावंत होऊन सूट देई किंवा न देई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हक्क’ हा शब्द वतनाच्या चौकटीतून सुटला आणि सर्वसामान्य प्रजेच्या मागणीला लागू लागला. हा बदल एका दिवसात किंवा एका माणसाने केलेला नाही. सार्वजनिक सभेच्या कामाने त्याला गती दिली, एवढे मात्र म्हणता येते. ‘सार्वजनिक’ ह्या विशेषणाची गोष्टही अशीच. ते सभेच्या नावातून उचलून लोकांनी काकांच्या नात्याच्या नावास जोडले. एका घरगुती संबोधनाशी सर्व जनांचा संबंध जोडणारे हे अजब मिश्रण मराठीने कसलाही संकोच न करता पचविले.

सभेचे लक्ष लवकरच शहराबाहेर वळले. विलायतेत पार्लमेंटची समिती हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करीत होती. तिच्यापुढे ठेवण्यासाठी सभेने एक उपसमिती नेमून मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांची माहिती गोळा केली आणि १८७३ साली तिचा अहवाल छापला. जमिनीचा सारा, त्याची वाढ, कर्जाचा बोजा, धान्याचे भाव ह्यांविषयी गावांतून माहिती मिळवावयाची म्हणजे गावोगाव ओळखी हव्यात, पत्रे लिहिणारी माणसे हवीत, आलेली पत्रे पडताळणारे कोणी हवे. ही यंत्रणा उभी करणे हे काकांचे काम. ते जितके कंटाळवाणे तितकेच निर्णायक होते. बाहेरगावी सभा स्थापन होत गेल्या त्याही ह्याच जाळ्याचा भाग होत्या.

जमीन महसुलाचा प्रश्न तेव्हा किती चिघळला होता हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दख्खनमधील रयतवारी पद्धतीची पाहणी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली होती आणि तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ पासून फेरपाहणी सुरू झाली. मधल्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि त्या तेजीच्या दिवसांकडे पाहून सारा वाढविण्यात आला. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेलाच राहिला. तो भरण्यासाठी सावकार, सावकारासाठी खत, खतावर दावा, दाव्यावर हुकूमनामा, ही साखळी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत घट्ट आवळली गेली. खेड्यातला माणूस कागदावर सहीच्या जागी नांगराची निशाणी करी. आपण कशावर निशाणी केली हे त्याला वाचता येत नसे. ते त्याला न्यायालयात कळे.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला आणि जो पाहता पाहता दोन्ही जिल्ह्यांत पसरला, त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खते मागून घेऊन जाळणे हे त्या दंग्यांचे मुख्य कार्य. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, एक वकील लोकांकडून कागद लिहून घेत होता आणि त्या कागदाच्या बळावर सरकारशी बोलत होता. कागदाशी असलेली ही दोन नाती समोरासमोर ठेवून पाहिली म्हणजे काकांच्या कामाचे मोल आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकदम दिसतात. रयतेला लुबाडणारे साधनच रयतेच्या बाजूने वळविता येईल, असा त्यांचा विश्वास होता. सुप्याच्या शेतकऱ्याला हा विश्वास वाटावा असे काही त्याच्या अनुभवात नव्हते.

वकिलीच्या धंद्यात राहून काकांनी १८७६ साली पुण्यात लवाद कोर्ट चालविले, त्याचा अर्थ ह्या संदर्भात लागतो. पंचांपुढे तंटा मिटला तर मुद्रांक वाचतो, वकिलाची फी वाचते, तारखांचे हेलपाटे वाचतात. स्वतःच्या उपजीविकेवर पाणी सोडणारी ही योजना होती.

त्यांच्या स्वदेशी व्रताविषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी हातकताईच्या सुताचे कापड वापरण्याची शपथ घेतली आणि ती अखेरपर्यंत पाळली. पत्नी सरस्वतीबाई ह्यांनी त्याच सुमारास पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली. काकांच्या चरित्रात त्यांना सहसा एखादे वाक्यच मिळते आणि ह्या लेखातही तसेच घडत आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरविला. काका तेथे सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले ते खादीच्या जाड्याभरड्या वेषात. सभेच्या मानपत्रात, हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी होती. वेषाची आठवण लोकांनी जपली आणि मागणी विसरली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की दरबार भरला तेव्हा दख्खनमध्ये पाऊस बुडून अर्धे वर्ष लोटले होते.

१८७६ ते १८७८ चा हा दुष्काळ मुंबई इलाख्याच्या दक्षिण जिल्ह्यांतून मद्रासपर्यंत पसरला आणि म्हैसूरला त्याने विशेष क्रूरपणे गाठले. म्हैसूर संस्थानची लोकसंख्या १८७१ च्या गणतीत ५० लाखांवर होती; १८८१ च्या गणतीत ती ४२ लाखांच्या आत आली. रंगाचार्लूंची प्रतिनिधी सभा ह्या खिंडार पडलेल्या प्रदेशात भरली होती, हे तिच्या गौरवाच्या भरात आपण विसरतो. पुण्याची सभा आणि म्हैसूरची सभा ह्यांना जोडणारा खरा धागा हा दुष्काळच आहे.

पुण्याच्या सभेने दुष्काळाच्या पहिल्या महिन्यांपासून जिल्ह्याजिल्ह्यांतील बातमीदारांकडून वृत्तान्त मागवून ते सरकारकडे धाडण्याचा सपाटा लावला. पाऊस किती, पेरा किती, ज्वारी बाजरी रुपयास किती शेर, गुरे किती उरली, कोणत्या गावची माणसे उठून गेली, कोठे काम निघाले आणि तेथे मजुरी काय पडते, असा तपशील त्यांत असे. सरकारपाशी स्वतःच्या मामलेदारांचे अहवाल होतेच. त्यांच्या शेजारी दुसरा, सरकारी नोकरीत नसलेल्यांनी लिहिलेला अहवाल येऊन पडू लागला, ही गोष्ट नवी होती.

प्रसंग आला तो मजुरीवरून. रिचर्ड टेंपल ह्यांना हिंदुस्थान सरकारने दुष्काळी भागाच्या पाहणीस पाठविले आणि त्यांनी खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दुष्काळी कामावरील पुरुषास दिवसाला एक रतल धान्य व वर एक आणा एवढ्यावर आणले. मद्रासचे आरोग्य खात्याचे अधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी, एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस टिकू शकत नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यातही १८७७ च्या आरंभी मजुरी उतरली आणि लहान स्थानिक कामे बंद करून माणसांना गावापासून दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास फर्मावले गेले. मग असे घडले की लोकांनी जाण्याचे नाकारले. जानेवारीच्या अखेरीपासून थोड्याच दिवसांत लाखाच्या घरातील माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणूस काम नाकारतो ह्याचा अर्थ सरकारने असा लावला की तो खरा उपाशी नव्हताच. सभेने उलट बाजू मांडली : मजुरी जगण्यास पुरत नाही, दूरच्या कामावर घर, म्हातारी माणसे आणि उरलीसुरली गुरे सोडून जाता येत नाही, म्हणून हा नकार. मजुरी वाढवावी, साऱ्यात सूट द्यावी, अशा तिच्या मागण्या होत्या. थोड्याच महिन्यांत टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. तेव्हा ज्यांच्या हिशेबावर सभेचा आक्षेप, त्यांच्याच टेबलावर तिचे अर्ज जाऊ लागले.

हे अर्ज वाचणाऱ्याला एक अडचण जाणवल्यावाचून राहत नाही. दुष्काळात प्रजेला काम आणि अन्न देणे सरकारवर बंधनकारक आहे, असे सांगणारा कोणताही लेखी नियम त्या वेळी अस्तित्वात नव्हता. काका वकील, पण दाखवावयास कलम नाही अशा दाव्यात ते उभे होते. म्हणून सभेच्या युक्तिवादाचा सारा भार वस्तुस्थितीवर पडतो : भाव इतका, मजुरी इतकी, त्यात इतके शेर येते, घरात खाणारी माणसे इतकी. वीस वर्षांनी, १८९६ च्या दुष्काळात, सभेचे कार्यकर्ते पुन्हा खेड्यांत गेले तेव्हा परिस्थिती बदललेली होती. सरकारचा दुष्काळविषयक कायदा छापील स्वरूपात उपलब्ध होता. टिळकांनी ‘केसरी’तून तो मराठीत समजावून सांगितला आणि पीक बुडाले असता काय मागता येते हे गावोगाव कळविण्यात आले. सरकारने १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. नियम अस्तित्वात असणे सरकारला चालत होते. तो शेतकऱ्याला ठाऊक होणे चालत नव्हते.

आता मर्यादेकडे वळू. ज्यांच्या वतीने सभा बोलत होती, ते तिच्यात होते काय? सहा हजार सह्या करणारे मुख्यतः पुण्याचे नागरिक होते. प्रतिनिधींत सरदार, इनामदार, वकील, सावकार, व्यापारी ह्यांचा भरणा. कुणब्याच्या दारिद्र्याचे आकडे सभेने गोळा केले, पण नांगराची निशाणी करणारा माणूस स्वतः तिच्या बैठकीत क्वचितच बसला असेल. जोतीराव फुले ह्यांनी सभेवर हाच आक्षेप घेतला आणि तो कठोर शब्दांत घेतला. ब्राह्मणांनी चालविलेल्या सभेने शूद्र शेतकऱ्यांचे नाव वापरावे, हे त्यांना मान्य नव्हते. फुल्यांचा सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झालेला. १८७७ च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ मुलांच्या अन्नाची सोय त्यांनी सहकाऱ्यांसह केली. एकाच शहरात, एकाच आपत्तीत, ही दोन कामे चालू होती.

फुल्यांचा आक्षेप खरा मानूनही काकांच्या बाजूने एक सांगावेसे वाटते. मुखत्यारनाम्याचा नियम करणाऱ्याने आपल्याविरुद्धच्या ह्या प्रश्नाला स्वतःच दार उघडून ठेवले होते. प्रतिनिधीने अधिकार सिद्ध करावा, असे एकदा मान्य केले की कोणी म्हणणारच : आमची सही कोठे आहे? म्हैसूरच्या सभेत हा प्रश्न आरंभी उद्भवू शकत नव्हता, कारण तेथील सभासद दिवाणांच्या निमंत्रणावरून आलेले होते. त्या सभेला कायद्याचा आधार मिळण्यास १९२३ साल उजाडले. सोज्ज्वळ हेतूने वरून दिलेली सभा आणि अपुऱ्या सह्यांनिशी खालून उभी राहिलेली सभा ह्यांपैकी कोणती अधिक फलदायी, ह्याचा निवाडा सोपा नाही. म्हैसूरने तलाव, शाळा, वीज ह्यांत पुढे मुंबई इलाख्याला मागे टाकले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. माझा स्वतःचा कौल तरीही पुण्याकडे झुकतो.

काकांच्या आयुष्याची शेवटची वर्षे शांततेत गेली नाहीत. दुष्काळाने उद्ध्वस्त झालेला मुलूख पाहून वासुदेव बळवंत फडके ह्यांनी बंड केले आणि १८७९ साली ते पकडले गेले. पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला तेव्हा सरकारचा रोष पत्करून त्यांचे वकीलपत्र घेण्यास पुढे आले ते काका. फडक्यांचा मार्ग त्यांना पसंत असण्याचे कारण नव्हते. त्यांचा सारा जन्म अर्ज लिहिण्यात गेला होता. पण आरोपीच्या वतीने कोणी तरी उभे राहिलेच पाहिजे, हे त्यांच्या धंद्याचे पहिले कलम. फडक्यांना जन्मठेप झाली आणि त्यांची रवानगी एडनला करण्यात आली.

त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खत लिहिताना गावच्या निबंधकापुढे ते वाचून दाखवावे, न्यायाधीशाने कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासावा, दाव्यापूर्वी सलोखा करणाऱ्यापुढे जावे, अशी त्यात तरतूद होती. लवाद कोर्ट चालविणाऱ्या माणसाला ह्यातले बरेच ओळखीचे वाटले असेल. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, काका वारले. दुष्काळ चौकशी मंडळाचा अहवाल त्याच वर्षी बाहेर पडला. दुष्काळात सरकारने काय करावयाचे ह्याचे नियम आधीच लिहून ठेवावेत, अशी त्यात शिफारस होती.